भाताच्या पोह्यांवर गव्हाची ओंबी

तुझं पाकीट समोर ठेवून लिहितो आहे. पाव किलो पातळ पोहे. पारदर्शक पिशवी, तिच्यावर गोल लेबल, लेबलाला सोनेरी कडं, कड्यात नथ घातलेली हसरी बाई. मागे उगवता सूर्य, बाजूला माड आणि खालून दोन्ही अंगांनी वर वळलेल्या दोन ओंब्या. त्या ओंब्यांकडे जरा नीट बघ. ताठ उभ्या आहेत. दाणे एकावर एक गच्च बसलेत. टोकाला लांब कुसळं आहेत. काय आहे ते? गहू आहे. पोहे कशाचे करतात गं? भाताचे ना? मग पोह्यांच्या पिशवीवर गहू कशाला आला?

तू रोह्याजवळच्या वरसे गावची. घरची शेती. भाताची लोंबी कशी दिसते हे बाहेरच्या कुणी येऊन तुला सांगायचं का? दाणा भरला की लोंबी स्वतःच्याच भाराने एका अंगाला कलते. दाणे सुटे असतात, बारीक काड्यांना लटकलेले. वारा आला की सगळं शेत एका बाजूला झुकतं. हे तू पुस्तकात वाचलेलं नाहीस, विळा घेऊन कापलेलं आहेस. या मुलखाला जुनी माणसं भाताचं कोठार म्हणायची. त्या कोठारातली मुलगी आपल्या मालावर गव्हाचं चित्र लावून बाजारात बसते आणि तिला ते खुपत नाही, हे मला खुपतं.

विचारलं तर म्हणालीस, ‘सर, ते एआयनं दिलं.’ दिलं म्हणून घेतलंस? गिरणीतून चुकून दुसऱ्या कुणाच्या भाताचे पोहे आले तर तू एका चिमटीत ओळखतेस आणि पोतं परत पाठवतेस. तिथे डोळे उघडे असतात. इथे का मिटले?

तुला कळत नसतं तर मी एवढा कागद खर्च केला नसता. ज्याला दिसतच नाही त्याला रागावून काय उपयोग? तुला दिसतं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ‘अ’ श्रेणी घेतलेली मुलगी तू. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि ज्याच्या नावाने बाकीची पोरं कापायची तो भूमिती-अक्षरलेखनाचा पेपर. शिरोरेषा ओढायच्या आधी तू पेन्सिलीने वर-खाली फिक्या रेघा आखून घ्यायचीस. दोन अक्षरांमधली मोकळी जागा डोळ्याने तोलायचीस, पट्टीने नाही. शाळेच्या दारातला फळा तुझ्या हाताचा असायचा. पालक मुलांना सोडायला आले की थांबून वाचायचे. संकल्पचित्रात जागा कशी भरायची, काय ठेवायचं, काय काढून टाकायचं, हे तुला शिकवलं होतं आणि तू शिकली होतीस. त्याच हाताने मोबाइलवर एक ओळ टाइप केलीस, चार चित्रं आली, त्यातलं एक उचललंस आणि छापायला दिलंस. एवढ्या वर्षांचं शिकणं कुठे गेलं? कुणाला देऊन टाकलंस?

आता दुसरं पाकीट. तांदळाचे पापड. लेबलावर काय लिहिलं आहे? ‘धरगुती तांदलाचे पापड’. घरगुतीचा ‘घ’ उघडा पडून ‘ध’ झाला आहे आणि ‘ळ’ तर नाहीसाच झाला. मसाल्याच्या पुडीवर ‘काला मसाला’. ‘शुद्ध’मधला ‘श’ हिंदी वळणाचा. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ ही आपली वळणं मुद्दाम नमूद केली होती. वर्गात मी ती फळ्यावर मोठी काढून दाखवली होती. तू वहीत गिरवली होतीस.

आणि खरा राग मला या चुकांचा नाही. पापडांच्या पहिल्या गठ्ठ्यातलं एक पाकीट माझ्याकडे आहे. त्यावर काळ्या पेनाने ‘ल’चा ‘ळ’ केलेला आहे. तुझाच हात, ओळखतो मी. म्हणजे चूक तुला दिसली होती! दिसली, काही पिशव्यांवर पेन चालवून झाला, मग कंटाळा आला आणि उरलेल्या तशाच दुकानात गेल्या. मनाची समजूत काय घातलीस? ‘एवढं कोण वाचतं?’ हीच ना? कुणाला फसवत होतीस? गिऱ्हाईकाला तर नाहीच. ते वाचतं आणि गप्प पाकीट खाली ठेवतं. तू स्वतःच्या डोळ्यांत धूळ फेकत होतीस.

नवी यंत्रं देवनागरी बरी लिहू लागली आहेत, हे मला माहीत आहे. उद्या ‘ळ’ही बिनचूक येईल. म्हणून काय होणार? यंत्र शेतात गेलेलं नाही. असंख्य चित्रांतून जे पुन्हापुन्हा दिसलं ते मिसळून ते पुढे करतं. धान्य म्हटलं की जगभरच्या वेष्टनांवर गव्हाची ओंबी, कोकण म्हटलं की माड आणि सूर्य, घरगुती म्हटलं की नथीतली बाई. ‘कोकणातला घरगुती खाद्यपदार्थांचा लोगो’ एवढं ज्याने ज्याने लिहिलं त्याला त्याच घराण्यातलं चित्र मिळणार. मिळतंच आहे. पेणच्या बाजारात हळदीच्या पुडीवर तुझी बाई मला भेटली. वडखळच्या पुढे एका खाणावळीच्या पाटीवरही तीच होती, नुसती साडी हिरवी. मग सांग, यातली तुझी कोणती?

ती बाई आहे तरी कोण? तुझ्या घरात अशी कुणी आहे का? तुझ्या घरात आई आहे. पापडखार मोजून पिठात घालते, पीठ कुटताना हाताला तेल लावते, लाट्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवते. तिच्या पापडाची कड हाताने ओळखू येते, मधल्यापेक्षा किंचित पातळ. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या कडेसाठी. आणि वेष्टनावर चेहरा कुणाचा, तर जिने कधी पोळपाटही पाहिला नाही अशा एका गुळगुळीत बाईचा.

तुला आपल्या जिल्ह्याशी नातं असलेली एक हकिकत सांगतो. लक्ष देऊन वाच.

रिझर्व्ह बँक १९३५ साली सुरू झाली. बँकेला शिक्का हवा होता. चित्र काढायच्या आधी काय हवं ते ठरवलं गेलं. सरकारी दर्जा दिसावा, पण फार जवळून नको. काहीतरी भारतीय असावं. साधं आणि देखणं असावं. आणि पत्राच्या माथ्यावर छापायची वेळ आली तरी मोठा फेरफार न करता चालावं. तू छापायला देण्याआधी असं काही कागदावर लिहिलं होतंस का? मग जुने शिक्के, पदकं, नाणी चाळली गेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवरचा सिंह आणि ताडाचं झाड पसंत पडलं. सिंहाच्या जागी वाघ आणला, कारण वाघ भारताची जास्त खूण. शेअर सर्टिफिकेटांवर छाप उठवायची घाई होती, म्हणून काम मद्रासच्या एका कंपनीकडे दिलं. २३ फेब्रुवारी १९३५च्या बैठकीत संचालकांनी नमुना मंजूर केला, पण प्राण्याचं रूप सुधारा असं बजावलं. तेव्हा मोठा बदल करायला वेळ उरला नव्हता.

तुझ्यासारखी सबब तिथेही तयार होती. मंजुरी मिळाली आहे, काम चाललं आहे, कोण बघतंय? पण जेम्स टेलर नावाचे डेप्युटी गव्हर्नर होते, ते स्वस्थ बसले नाहीत. कलकत्त्याला बेल्व्हेडिअरच्या फाटकावर वाघाचा पुतळा होता, त्याचा फोटो काढून घेतला. सरकारी टांकसाळीकडून आणि नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसकडून नवी रेखाटनं मागवली. सप्टेंबर १९३८ मध्ये, म्हणजे साडेतीन वर्षं उलटल्यावर, ते लिहितात की एकाचं झाड ठीक आहे पण वाघ कुठल्याशा जातीच्या कुत्र्यासारखा दिसतो, लोक हसतील. दुसऱ्याचा वाघ चांगला आहे पण झाडाने घात केला आहे, खोड फार लांब आणि फांद्या कोळ्याच्या पायांसारख्या. वाघाच्या पायांखाली ठाम रेघ द्या, झाड ठेंगणं आणि भक्कम करा. तोवर ते बँकेचे गव्हर्नर झाले होते. देशाच्या चलनाचा कारभार ज्याच्या डोक्यावर, तो माणूस वाघाच्या पायाखालच्या रेघेबद्दल लिहीत होता. शेवटी नाशिकच्या प्रेसमधून चांगले नमुने आले. मूळ शिक्का तसाच राहिला, पण नोटा, चेक आणि पत्रांवरचं बोधचिन्ह म्हणून नवं रेखाटन घेतलं गेलं. टेलर यांच्यानंतर १९४३ साली त्या खुर्चीवर बसले ते चिंतामणराव देशमुख, पहिले भारतीय गव्हर्नर, ज्यांचं नाव आपलं रोहे अजून अभिमानाने घेतं.

गल्ल्यातली एखादी नोट काढ आणि तो वाघ बघ. केवढासा आहे! तरी वाघच दिसतो.

त्यांच्या वाघाचा कुत्रा झाला तेव्हा त्यांनी कागद परत पाठवला. तुझ्या भाताचा गहू झाला तेव्हा तू लेबलं चिकटवलीस. त्यांच्याकडे टांकसाळ होती, प्रेस होता, हे म्हणू नकोस. कुत्रा ओळखायला टांकसाळ लागत नाही.

‘बजेट नव्हतं, सर.’ हे वाक्य तू दोनदा ऐकवलंस. दुकानाच्या उद्घाटनाला फुग्यांची कमान होती. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला रस्त्यावर दहा फुटी फ्लेक्स होता, त्यावर घरातल्या सगळ्यांचे फोटो होते. पैसे होते. जिथे घालायचे ठरवलंस तिथे घातलेस. चित्रकाराला द्यायला उरले नाहीत, हेही मान्य करू. तुझ्या स्वतःच्या हाताला कोण पैसे मागणार होतं? कागद, पेन्सिल, खोडरबर. एवढ्यावर तू श्रेणी मिळवली होतीस.

त्या फ्लेक्सचीही गोष्ट करू. यंत्राने तुला चित्र दिलं ते रुंदीला साधारण हजार चोवीस ठिपक्यांचं. दहा फूट म्हणजे एकशेवीस इंच. भागाकार कर. इंचाला साडेआठ ठिपके येतात. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे लागतात. फ्लेक्स लांबून बघायचा म्हणून त्याला कमी चालतात, पण साडेआठ? नथीची गाठोडी झाली होती आणि डोळ्यांचे चौकोन. वर ते चित्र तू व्हॉट्सॲपवरून पाठवलं होतंस, म्हणजे त्यातलंही आणखी गेलं. छापणाऱ्याने विचारलं होतं ना, ‘कोरल फाइल आहे का?’ तो उगाच विचारत नव्हता. रेघांनी बांधलेलं चित्र टिकलीएवढं करा की भिंतीएवढं, त्याची कड फाटत नाही. ठिपक्यांचं चित्र ताणलं की विरतं. भूमितीत कंपासने वर्तुळ काढताना हे तुला कुणी समजावून द्यावं लागलं नव्हतं.

मोठ्याचं हे झालं, लहान करून बघ. पाव किलोच्या पिशवीवर तुला वजन लिहायचं आहे, किंमत लिहायची आहे, तारीख, पत्ता, एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक, शाकाहारी असल्याचा चौकटीतला हिरवा ठिपका. हे टाळता येत नाही. मग लोगोला किती जागा उरते? रुपयाच्या नाण्याएवढी. त्या नाण्यात तू सूर्य, माड, बाई, नथ, ओंब्या आणि कडं कोंबलं आहेस. माझ्या हातातल्या पाकिटावर बाईच्या तोंडाच्या जागी तपकिरी डाग आहे. कापडी पिशव्या करायला गेलीस तर स्क्रीन प्रिंटिंगवाला म्हणाला, एका रंगात करून आणा. आलं करता? एका रंगात त्या चित्राचं काहीच उरत नाही. बिलावर मारायला रबरी शिक्का करायचा म्हटलं तर कसा करणार? आणि ते सोनेरी! मोबाइलच्या पडद्यावर झळकतं, कारण पडदा उजेडाने रंगवतो. छपाईत निळा, गुलाबी, पिवळा, काळा या चार शायांतून सोनं निघत नाही, शेणकट पिवळा निघतो. सोनेरी हवं तर वेगळी शाई किंवा फॉइल, आणि त्याचा खर्च वेगळा. आधी हातात नमुना काढून पाहिला असतास तर हे कळलं असतं. गठ्ठा छापून आल्यावर कळलं.

‘कॅमल’चा उंट आठव. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या शाईच्या धंद्याची ती खूण. तुझ्या कंपासपेटीवर होता. काळ्या एका रंगात छापला तरी उंट, बाटलीच्या बुचावर उठवला तरी उंट. एशियन पेंट्सचा गट्टू १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी काढला. केसांची बट डोळ्यांवर आलेला, हातात ब्रश धरलेला खोडकर पोरगा. कितीतरी दशकं रंगाच्या डब्यावर त्याला बघून माणसं डबा ओळखत होती, त्यांत अक्षरओळख नसलेलीही होती. एवढं लांब कशाला जायचं? पेणला जा. हमरापूर, जोहे या गावांत गणपतींच्या कारखान्यांत बैस. साच्यातून मूर्ती निघतात, एकसारख्या. मग डोळ्यांच्या आखणीला एक माणूस बसतो आणि बाकीचे आवाज खाली येतात. साचा आहे म्हणून आखणी कुणी साच्यावर सोडत नाही. जाणतं गिऱ्हाईक डोळे बघून मूर्ती कुणाच्या हातची ते सांगतं.

‘गिऱ्हाईकाला काय कळतं’ म्हणतेस. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते. मुंबईचा चाकरमानी गावाहून परतताना आपल्या भागातलं काहीतरी पिशवीत टाकून नेतो. डोंबिवलीत चिवडा होतो, वाहवा होते, शेजारीण विचारते, पोहे कुठले? तो नाव विसरलेला असतो. आठवायला काहीतरी खूण लागते. तुझ्या पाकिटाची कोणती खूण तो सांगणार? ‘ती बाई आहे बघा, नथवाली.’ शेजारीण दुकानात जाते आणि नथवाल्या बायांची रांग बघते. त्यातली स्वस्त उचलते. तुझ्या आईच्या हाताचं नाव असं दुसऱ्याच्या गल्ल्यात जातं. यात गिऱ्हाईकाचा दोष काय?

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तू ते वाचू शकतेस आणि वाचलं नाहीस. लेबलाच्या कोपऱ्यात वर्तुळातला इंग्रजी ‘आर’ आहे. तो कुठून आला? तू नोंदणी केली आहेस? नाही. यंत्राने हजारो लोगोंवर पाहिला म्हणून तुझ्याही माथी मारला, आणि तू तो नक्षीचा भाग समजून छापलास. नोंदणी नसताना ती खूण लावणं कायद्याला चालत नाही. त्याला दंड आहे. आज रात्रीच त्या कोपऱ्यावर पट्टी मार.

ट्रेडमार्क कायदा १९९९ चा आहे. त्याची एक मुख्य अट अशी की खूण वेगळी ओळखू आली पाहिजे. पन्नास जणांच्या पिशवीवर असलेली बाई घेऊन तिथे गेलीस तर काय सांगशील? कुणी तीच बाई लावून तुझ्या शेजारी पोहे विकायला बसला, तर त्याला अडवशील कशाच्या जोरावर? फुकटच्या बऱ्याच साधनांच्या अटींत साफ लिहिलेलं असतं की हे चित्र फक्त तुमचं नाही, दुसऱ्यालाही असंच मिळू शकतं. त्या अटींखाली तू ‘मान्य’ दाबलंस. वाचलंस का काय मान्य केलंस? बरं, चित्राचा कर्ता कोण? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाने तयार झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, असं म्हटलं आहे. एक ओळ टाइप करणं म्हणजे घडवून आणणं का, हा वाद अजून मिटलेला नाही. अमेरिकेत अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगून टाकलं की कर्ता माणूसच असला पाहिजे. अशा दलदलीवर तू दुकानाचा पाया घातलास. स्वतः काढलं असतंस तर हे प्रश्न उभेच राहिले नसते.

‘आता सगळेच असं करतात.’ हेही म्हणालीस. सगळे पापडात सोडा जास्त घालतात, आई घालते का? सगळे जुना तांदूळ मिसळतात, तू मिसळतेस का? मालाच्या बाबतीत तुला सगळ्यांसारखं व्हायचं नाही आणि नावाच्या बाबतीत व्हायचं आहे. हा आळस आहे. त्याला काळाबरोबर चालणं असं नाव देऊ नकोस.

यंत्राला हात लावू नकोस, असं मी म्हणत नाही. जुन्या वेष्टनांचे नमुने शोधायला वापर, रंगांच्या जोड्या बघायला वापर. पण काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ज्याने ठरवायचं त्याच्या हातात भात कापलेला असायला हवा. तुझ्या हातात आहे. म्हणूनच तुझी कानउघाडणी चालली आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

मला ठाऊक आहे, आता पुढचं वाक्य काय येईल. दिवाळी तोंडावर आहे, चिवड्याच्या पातळ पोह्यांची मागणी आहे, लेबलांचा गठ्ठा पडून आहे, तो संपू दे, मग बघू. त्या ‘मग’ला तारीख असते का? चुकीच्या लेबलाची जेवढी पाकिटं दिवाळीत घराघरांत जातील तेवढ्या घरांत तुला पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागेल. यंदा साधी पांढरी पट्टी लाव. तिच्यावर स्वतःच्या अक्षरात नाव लिही, वजन लिही, बाकीचं कायद्याने लागतं ते लिही, एका रंगात छापून घे. नुसतं नाव, नीट लिहिलेलं, त्या गर्दीपेक्षा शंभर पटींनी बरं दिसेल. हाताने जमत नाही असं वाटलं तर ‘एक टाइप’च्या मंडळींचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे देवनागरी टाइप फुकट आहेत, धंद्याला वापरायची रीतसर मुभा आहे. त्यांत ‘ळ’ आहे, आणि तो ‘ळ’च दिसतो. रेघांची फाइल करायला ‘इंकस्केप’ फुकट आहे. बजेटचं कारण इथेही चालणार नाही.

त्यानंतर खूण. कापणी पुरी व्हायची आहे. सकाळी शेतात जा, बांधावर बैस, समोर बघून काढ. मोबाइलमधला फोटो बघून नाही. पाहिजे तेवढी पानं खराब कर. मग त्यातल्या रेघा कमी करत जा. आणखी एक रेघ कमी केली तर भात ओळखू येणार नाही, तिथे थांब. शिवाय भातच काढला पाहिजे असंही नाही. आईच्या पोळपाटाची कड काढ, पोह्याचं माप काढ, कुंडलिका नदीच्या काठचं काही काढ, पण तू पाहिलेलं काढ. काळ्या शाईत, पांढऱ्या कागदावर. इंचाएवढं लहान करून भिंतीला लाव आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून बघ. आईला दाखव. तिने काय आहे असं विचारलं तर फाडून टाक. मग सरकारी संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा शोध घे, तिथे बघायला पैसे पडत नाहीत. तसं कुणाचं नसेल तर अर्ज भर. एकट्या व्यावसायिकाला ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे साडेचार हजार रुपये पडतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते. पोहे, पापड, मसाला एका वर्गात बसतात, लोणचं दुसऱ्या. कमानीच्या फुग्यांना किती गेले होते, ते वहीत बघ.

रविवारी सकाळी घरी ये. नावाच्या अक्षरांचे पाच नमुने आणायचे, हाताने काढलेले, वर-खाली रेघा आखून. पाच म्हणजे पाच. चार आणलेस तर चहा देईन आणि परत पाठवीन.